तीन पिढ्यांनी मिळून मोठ्या क्रूझवर जाताना

आपण विचारलेला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझे उत्तर कोणत्या कुटुंबासाठी आहे हे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. आपण एकूण अकरा जण आहात. वडील ७४ वर्षांचे असून गुडघ्यांच्या दुखण्यामुळे काठी घेऊन चालतात आणि आई ७० वर्षांची आहे. आपण पती-पत्नी आणि १५ व ९ वर्षांची दोन मुले, धाकटा भाऊ, त्याची पत्नी व त्यांचा सव्वादोन वर्षांचा मुलगा, आणि बहीण व तिची १२ वर्षांची मुलगी. सात रात्रींची सफर आहे. आई-वडिलांना मोठे जहाज झेपेल का, केबिन कशा घ्याव्यात, सगळ्यांना एकत्र कसे ठेवावे आणि धाकटा तीन वर्षांचा होईपर्यंत थांबावे का, असे आपले चार प्रश्न आहेत.

अनेक पिढ्यांच्या अशा सफरी आखण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की आपल्या चार प्रश्नांपैकी तिसऱ्याचे उत्तर आधी ठरले पाहिजे, कारण उरलेले तिन्ही त्यावर अवलंबून आहेत. सगळ्यांना दिवसभर एकत्र ठेवणे हा हेतू असेल, तर मोठे जहाज ही चुकीची निवड आहे आणि एखादे मोठे घर भाड्याने घेणे अधिक योग्य ठरेल. मोठ्या जहाजाचा खरा गुण असा, की कोणालाही मागे न सोडता प्रत्येकाला वेगळे होता येते. पंधरा वर्षांचा मुलगा रात्री अकरापर्यंत बाहेर असतो, आजोबा नऊ वाजता झोपतात, आणि तरीही दोघे एकाच छताखाली असतात. म्हणून एकत्र असण्याचे तास मोजके आणि पक्के ठरवावेत, उरलेला वेळ मनापासून मोकळा सोडावा, आणि मग त्या तासांना सोयीचे जहाज, केबिन व बंदरे निवडावीत. माझ्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे हा क्रम उलटा लावतात. ती आधी सवलतीतले जहाज पाहतात आणि कोण कोणाबरोबर कसे राहणार याचा विचार जहाजावर गेल्यावर करतात.

आता जहाजाच्या आकाराविषयी. जानेवारी २०२४ मध्ये प्रवासी सेवेत आलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे ३६५ मीटर लांब आणि २० मजल्यांचे आहे, आणि प्रत्येक केबिनमध्ये दोघे धरले तरी त्यावर साडेपाच हजारांहून अधिक प्रवासी असतात. आपण विचारात घेतलेली जहाजे याहून काहीशी लहान असली, तरी तीनशे मीटरच्या आसपासची आहेत. अशा जहाजावर पुढच्या टोकाजवळची केबिन आणि मागच्या बाजूचे भोजनगृह यांत दोनशे मीटरहून अधिक अंतर सहज पडते, आणि ते दिवसातून अनेकदा चालावे लागते. दुसरीकडे, लिफ्ट, वैद्यकीय केंद्र, बसण्याच्या शांत जागा आणि सतत उघडी असणारी उपाहारगृहे मोठ्या जहाजावरच भरपूर असतात. त्यामुळे काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला मोठे जहाज झेपते, मात्र त्याची केबिन योग्य ठिकाणी असली पाहिजे.

योग्य ठिकाण म्हणजे जहाजाच्या लांबीच्या मध्यावर, लिफ्टपासून थोड्याच पावलांवर आणि शक्य तितक्या खालच्या प्रवासी डेकवर (मजल्यावर). याला दोन कारणे आहेत. नाट्यगृह बहुधा पुढे आणि मुख्य भोजनगृह बहुधा मागे असते, त्यामुळे मध्यावरून दोन्हीकडची चाल सारखीच पडते. दुसरे कारण समुद्राच्या हालचालीचे आहे. लाटांवर जहाजाचे नाक आणि शेपूट आळीपाळीने वर-खाली होतात आणि मध्यभाग त्या मानाने स्थिर राहतो, तर डावी-उजवीकडची झोकांडी जितके वर जावे तितकी जास्त जाणवते. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली असलेले स्थिरक पंख ही झोकांडी बरीच कमी करतात, पण पुढे-मागे होणाऱ्या डुलण्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. ज्यांचा तोल आधीच नाजूक आहे त्यांच्यासाठी हा फरक महत्त्वाचा असतो. उंचावरून दृश्य चांगले दिसते म्हणून आई-वडिलांना प्रेमाने सर्वांत वरची, नाकाजवळची केबिन घेऊन देणारी मुले मी पाहतो आणि दर वेळी त्यांना थांबवतो.

वडिलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बुकिंगपूर्वीच ठरवावी लागेल. बऱ्याच जहाजांवर साध्या केबिनच्या स्नानगृहाला उंबरा असतो, शॉवरची जागा अरुंद असते आणि हाताने धरायला एखाददुसराच दांडा असतो. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला रात्री झोपेतून उठून तो उंबरा ओलांडणे ही रोजची परीक्षा होऊ शकते. यासाठी रुंद दाराच्या, उंबरा नसलेल्या आणि शॉवरमध्ये बसण्याची सोय असलेल्या खास सुलभ केबिन असतात, पण त्या संख्येने थोड्या असल्यामुळे लवकर संपतात. वडील घरी स्नानगृहात आधार धरतात का, हे आईला विचारा. उत्तर होय असेल, तर सर्वांत आधी अशी केबिन घ्या आणि बाकीच्या तिच्याभोवती शोधा. जहाजावरच्या व्हीलचेअर सहसा चढ-उतारासाठी आणि आणीबाणीसाठी राखलेल्या असतात, त्या आठवडाभर वापरायला मिळतील असे गृहीत धरू नका. वडील सध्या चाकांची खुर्ची वापरत नसले, तरी घडी होणारी हलकी खुर्ची भाड्याने किंवा उसनी घेऊन बरोबर ठेवावी असा माझा आग्रह असतो. त्यांना ती पहिल्या दिवशी नकोशी वाटेल, पण तिसऱ्या दिवशी लांबच्या धक्क्यावर ते आपणहून मागतील. केबिनचे दार अरुंद असल्यास खुर्ची घडी करून आत नेता येते का, तेही पाहून ठेवा.

केबिनचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ घेतो. अकरा जणांना चार केबिन पुरतील असे कागदावर दिसते आणि आपणही तसेच लिहिले आहे. परंतु केबिनमध्ये चार बिछाने आहेत म्हणून तिथे चौघांचे बुकिंग मिळेलच असे नसते. प्रत्येक केबिन एका ठरावीक आपत्कालीन जमावस्थानाशी आणि तिथल्या लाइफबोटींच्या क्षमतेशी जोडलेली असते. जहाजाच्या त्या भागात तिसरा-चौथा प्रवासी असलेल्या केबिन जास्त विकल्या गेल्या, की रिकाम्या केबिनमध्येही कंपनी दोनच जणांचे बुकिंग घेते. शाळांच्या सुट्टीच्या काळात हे फार लवकर होते. म्हणूनच मुलांसह जाणाऱ्या कुटुंबांनी शेवटच्या क्षणाच्या सवलतीची वाट पाहू नये. दोघांच्या जोडप्याला ती वाट पाहणे परवडते, चौघांच्या केबिनची गरज असलेल्यांना परवडत नाही.

आपल्या बाबतीत मी चारऐवजी पाच केबिनचा विचार करेन. आई-वडिलांची मध्यावरची केबिन, तिला लागून मधल्या दाराने जोडलेली बहिणीची आणि भाचीची केबिन, त्याच मार्गिकेत भावाची केबिन, आपल्या दोघांची एक आणि तिच्या समोर किंवा शेजारी मुलांसाठी खिडकी नसलेली आतली केबिन. बहीण शेजारी असावी असे मी सुचवतो, कारण रात्री काही लागले तर मधले दार उघडून कोणी तरी मोठे माणूस लगेच येऊ शकते, आणि भावाच्या लहानग्याच्या रात्रीच्या रडण्याने आई-वडिलांची झोप मोडत नाही. बहुतेक कंपन्या प्रत्येक केबिनमध्ये एक प्रौढ असावा अशी अट घालतात, पण पालकांची केबिन लगत असेल तर मुलांना सवलत देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. बुकिंग करतानाच हे स्पष्ट विचारून घ्या. केबिनमधल्या पहिल्या दोघांचे भाडे वय न पाहता पूर्ण धरले जाते आणि तिसऱ्या-चौथ्याचे सहसा कमी असते, म्हणून पाचवी केबिन महाग पडेल. ती नको असेल तर आपण चौघे एकत्र राहा, पण मग वरून उघडणाऱ्या बिछान्यांवर शिडीने चढणारी मुले आणि एकच स्नानगृह यांची तयारी ठेवा.

भावाच्या केबिनला बाल्कनी असावी, हा माझा बहुतेक कुटुंबांना दिलेला सल्ला आहे. लहान मूल आठ वाजता झोपले की आई-बाप अंधाऱ्या खोलीत कुजबुजत बसतात आणि तिसऱ्या रात्रीपर्यंत दोघेही वैतागतात. बाल्कनी असेल तर ती दोघांची बैठकीची खोली होते. मात्र एरवी बाल्कनीचे दार कुलूपबंद ठेवावे आणि खुर्च्या कठड्यापासून दूर ठेवाव्यात, म्हणजे मुलाला त्यांवर चढता येणार नाही. पाळणा बुकिंगच्या वेळीच मागावा लागतो, आणि तो मांडल्यावर केबिनमध्ये चालायला जेमतेम वाट उरते. आई-वडिलांनाही बाल्कनी द्यावी, कारण दुपारचा बराच वेळ ते केबिनमध्येच काढतील. दिवसभर बाहेर असणाऱ्या मोठ्या मुलांना तिचा काहीच उपयोग नाही.

केबिन निश्चित करण्यापूर्वी डेकचा नकाशा उघडून वरचा आणि खालचा मजला दोन्ही पाहा. वर पोहण्याचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज येतो आणि खाली नृत्यगृह असेल तर मध्यरात्रीपर्यंत ठोके ऐकू येतात. वर-खाली केबिनच असलेला मजला सर्वांत शांत असतो. केबिनचा क्रमांक कंपनीने नंतर ठरवायचा अशा स्वस्त प्रकारचे बुकिंग आपण घेऊ नये, कारण त्यात अकरा जण जहाजाच्या चार कोपऱ्यांत विखुरले जाऊ शकतात.

एकत्र असण्याच्या तासांविषयी माझे मत ठाम आहे. रोजचे रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे, एका बंदरावर सर्वांनी मिळून उतरावे, आणि याखेरीज काहीही सक्तीचे नसावे. जेवणासाठी मुख्य भोजनगृहातली ठरावीक वेळेची, ठरावीक टेबलाची पद्धत निवडा. अनेक कंपन्या हवे तेव्हा या अशी मोकळी पद्धतही देतात, पण अकरा जणांचे टेबल तिथे रोज ताटकळत मिळवावे लागते. ठरावीक टेबलावर तेच वाढपी आठवडाभर असतात. त्यांना दुसऱ्या दिवसापासून कोणाला काय चालत नाही, कोणाला पाणी कोमट लागते आणि लहानग्याचे ताट आधी आणायचे आहे, हे सगळे माहीत असते. दोन पाळ्यांपैकी लवकरची पाळी घ्या, कारण आजोबा आणि नातू दोघांनाही तीच मानवते. सगळ्या केबिनचे बुकिंग एकमेकांशी जोडून घेतल्याशिवाय एक टेबल मिळत नाही. हे जोडणे आपोआप होत नाही, सर्व बुकिंग क्रमांक कंपनीला कळवून करून घ्यावे लागते. पथ्यपाणी आणि ॲलर्जी त्याच वेळी लेखी कळवा.

हे वेळापत्रक निघण्यापूर्वी आई-वडिलांना समजावून सांगणे ही आपली सर्वांत नाजूक जबाबदारी आहे. ज्येष्ठांच्या मनात सुट्टी म्हणजे सगळी मुले-नातवंडे सतत डोळ्यांसमोर असणे, असे चित्र असते. दुपारी चारला सगळे कुठे तरी पांगलेले पाहून त्यांना आपण नकोसे झालो की काय असे वाटू लागते, आणि ते बोलून दाखवत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी रोज एक नातवंड आणि एक तास असे ठरवून द्यावे. एके दिवशी नऊ वर्षांचा मुलगा आजोबांबरोबर बुद्धिबळ खेळेल, दुसऱ्या दिवशी भाची आजीबरोबर संध्याकाळचे संगीत ऐकायला जाईल. अकरा जणांच्या गर्दीत जे बोलणे होत नाही, ते या एका तासात होते. लहानग्याला सांभाळण्याची जबाबदारी मात्र गृहीत धरून त्यांच्यावर टाकू नये. भावाने स्पष्ट विचारावे आणि सात रात्रींत दोनपेक्षा जास्त वेळा विचारू नये.

मुलांच्या क्लबविषयी, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखालच्या खेळघराविषयी, अपेक्षा नीट ठेवा. बहुतेक जहाजांवर या क्लबमध्ये तीन वर्षे पूर्ण झालेल्या आणि लंगोट सुटलेल्या मुलांनाच प्रवेश असतो, त्यामुळे सव्वादोन वर्षांच्या मुलाला काही थोड्या जहाजांवरील पाळणाघराचाच आधार आहे, आणि त्याची वेळ आगाऊ राखून ठेवावी लागते. क्लब वयोगटांनुसार विभागलेले असतात आणि किशोरांचा गट बहुधा बारा किंवा तेरापासून सुरू होतो. म्हणजे आपला ९ वर्षांचा मुलगा आणि १२ वर्षांची भाची, जे आपण लिहिल्याप्रमाणे एकमेकांशिवाय राहत नाहीत, ते वेगळ्या क्लबमध्ये जाण्याची शक्यता आहे. हे त्यांना आधीच सांगा आणि दोघांनी एकत्र करायच्या गोष्टी क्लबबाहेर शोधून ठेवा. पोहण्याचा नियमही भावाला सांगा. लंगोट घालणाऱ्या मुलांना, तो पोहण्यासाठीचा खास लंगोट असला तरी, जहाजावरच्या सार्वजनिक तलावात सहसा उतरू देत नाहीत. त्यांच्यासाठी काही जहाजांवर पाण्याच्या कारंज्यांची वेगळी जागा असते. ती आहे की नाही, हे भावाच्या कुटुंबासाठी जहाज निवडण्याचे मोठे कारण ठरावे.

आता बंदरे. वडिलांच्या दृष्टीने मार्ग निवडताना प्रत्येक बंदरापुढे एकच प्रश्न लिहा, की जहाज धक्क्याला लागते की समुद्रात नांगर टाकते. नांगर टाकल्यास प्रवाशांना लहान टेंडर बोटीतून किनाऱ्यावर नेतात. हलत्या फळीवरून हलत्या बोटीत पाऊल टाकणे दुखऱ्या गुडघ्यांना कठीण असते, आणि लाटा असतील तर चाकांच्या खुर्चीवरच्या प्रवाशांना नेण्यास कर्मचारी नकारही देऊ शकतात. ग्रँड केमन आणि सँटोरिनी ही अशा टेंडर बंदरांची परिचित उदाहरणे आहेत. सँटोरिनीत तर किनाऱ्यावर उतरल्यानंतर कड्यावरच्या गावात जाण्यासाठी केबल कारची रांग, शेकडो पायऱ्या किंवा खेचर हेच मुख्य पर्याय असतात. शहराचे नाव आणि बंदर यांतले अंतरही तपासा. कार्यक्रमपत्रिकेत रोम लिहिलेले असते तेव्हा जहाज चिवितावेक्कियाला लागते, आणि तिथून रोम सुमारे ८० किलोमीटर दूर आहे. जाऊन-येऊन बसमधले तीन तास ७४ वर्षांच्या माणसाने घ्यावेत का, हा विचार आपण करावा आणि त्यांनाही करू द्यावा.

ज्या दिवशी बाकीचे लांबच्या सहलीला जातील, त्या दिवशी आई-वडिलांनी जहाजावर राहिले तर ते काही गमावत नाहीत, हे मी अगदी मनापासून सांगतो. बंदराच्या दिवशी जहाज रिकामे होते. लिफ्ट लगेच येते, तलावाजवळ सावलीतली खुर्ची मिळते, आवाज थांबतात आणि कर्मचाऱ्यांना दोन शब्द बोलायला वेळ असतो. अनेक ज्येष्ठांना सफरीतला हाच दिवस सर्वांत आवडतो. मात्र त्यांच्याजवळ कोणी तरी एक मोठे माणूस थांबावे आणि ते रोज वेगळे असावे, म्हणजे कोणाचीच सगळी बंदरे बुडत नाहीत.

किनाऱ्यावरच्या सहली कंपनीच्या घ्याव्यात की स्वतंत्र, हे अंतरावर ठरवा. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा तिची वाट पाहते किंवा पुढची व्यवस्था करते, स्वतंत्र गेलेल्यांसाठी थांबत नाही. म्हणून लांबच्या ठिकाणी कंपनीबरोबर जावे. जवळच्या ठिकाणी अकरा जणांसाठी स्वतंत्र गाडी घेणे कितीतरी सुखाचे असते, कारण स्वच्छतागृहासाठी किंवा विश्रांतीसाठी हवे तेव्हा थांबता येते. परतीची शेवटची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते आणि फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवतो. यात एका तासाचा फरक पडू शकतो, म्हणून गटातल्या एकाने जहाजाच्या वेळेवर लावलेले साधे मनगटी घड्याळ घालावे आणि शेवटच्या वेळेच्या निदान दीड तास आधी सर्वांनी धक्क्यावर परतावे.

इथवरचा गाभा असा, की वडिलांच्या गुडघ्यांवरून केबिन आणि बंदरे ठरतात, लहानग्याच्या वयावरून जहाज ठरते, आणि रात्रीच्या एका टेबलावरून दिवसाचा आराखडा ठरतो. आता आरोग्य, कागदपत्रे आणि सुरक्षितता.

जहाजावर डॉक्टर आणि परिचारिका असतात आणि प्राथमिक तपासण्या होतात, पण ते रुग्णालय नव्हे. गंभीर आजारात रुग्णाला स्थिर करून पुढच्या बंदरावर उतरवणे किंवा हेलिकॉप्टरने हलवणे हेच मार्ग असतात. उपचारांचा खर्च प्रवाशाच्या जहाजावरच्या खात्यावर लागतो आणि घरचा आरोग्य विमा तिथे बहुधा चालत नाही. म्हणून आई-वडिलांसाठी प्रवास विमा घेताना आधीपासूनचे आजार लेखी जाहीर करा आणि वैद्यकीय स्थलांतराचा खर्च त्यात स्पष्टपणे समाविष्ट आहे ना, हे पाहा. औषधे आठवडाभराहून चार-पाच दिवस जास्त घ्या आणि ती हातातल्या पिशवीतच ठेवा. जहाजावर चढताना दिलेल्या मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोहोचायला संध्याकाळ होऊ शकते, आणि तोवर वडिलांची दुपारची गोळी त्यांत अडकलेली असते. केबिनमधला छोटा फ्रिज इन्सुलिनसाठी पुरेसा थंड असेलच असे नाही, त्यासाठी वैद्यकीय फ्रिज आधी मागून ठेवता येतो. पोटाच्या संसर्गाबाबत एवढेच, की नोरोव्हायरसवर अल्कोहोलयुक्त द्रवापेक्षा साबण आणि पाणी अधिक प्रभावी आहे. बुफेच्या दाराशी हातावर थेंब घेतले म्हणून हात धुणे टाळू नये, विशेषतः मुलांनी.

पासपोर्टची मुदत सफर संपल्यानंतर निदान सहा महिने असावी, आणि मार्गातल्या प्रत्येक देशाच्या व्हिसाची अट तपासावी. शेंगेन देशांतून (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून) निघून मध्येच तुर्कस्तानसारख्या देशातल्या बंदराला लागणाऱ्या आणि परत शेंगेनमध्ये येणाऱ्या मार्गावर, ज्यांना व्हिसा लागतो त्यांना एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा हवा. ही गोष्ट फार वेळा सुटते आणि जहाजावर चढण्याच्या वेळी उघडकीस येते. बहीण मुलीला एकटी घेऊन येणार आहे, त्यामुळे मुलीच्या वडिलांचे संमतिपत्र, आणि ते शक्य नसेल तर ताब्यासंबंधीची कागदपत्रे बरोबर ठेवावीत. विमानाने बंदरापर्यंत जाणार असाल तर आदल्या दिवशीच पोहोचा. अकरा जणांतल्या एकाचेही विमान चुकले तरी जहाज थांबणार नाही.

पहिल्या दिवशीची सुरक्षा कवायत कोणीही टाळू नये. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळले आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तेव्हा झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलले आणि आता जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच ही कवायत पूर्ण करावी लागते. आपल्यासाठी त्यातले दोन प्रश्न महत्त्वाचे आहेत. आणीबाणीत लिफ्ट वापरता येत नाही, म्हणून वडिलांना जिन्यावर मदत लागेल हे कंपनीला बुकिंगमध्येच कळवा, म्हणजे त्यांच्या साहाय्यासाठी कर्मचारी नेमले जातात. दुसरे, मुले क्लबमध्ये असताना इशारा वाजला तर कर्मचारी त्यांना जमावस्थानी आणतात की पालकांनी घ्यायला जायचे, हे पहिल्याच दिवशी विचारा आणि सर्व मोठ्यांना सांगा. गर्दीच्या उलट दिशेने क्लबकडे धावणारा पालक स्वतःसह इतरांनाही धोक्यात टाकतो.

पैशांबाबत थोडक्यात सांगतो. प्रत्येक कुटुंबाचे जहाजावरचे खाते वेगळे ठेवा, मुलांच्या कार्डांवर खर्चाची मर्यादा घाला, आणि टीप, इंटरनेट, खास उपाहारगृहे व सहली भाड्यात धरल्या आहेत का हे आधी पाहा. पेयांची पॅकेज घेताना एका केबिनमधल्या सर्व प्रौढांनी ती घ्यावी अशी अट अनेकदा असते. फोन विमान मोडवर ठेवा, कारण समुद्रात तो जहाजाच्या महागड्या नेटवर्कला आपोआप जोडला जाऊ शकतो. एकमेकांना निरोप देण्यासाठी बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये सोय असते, पण आईला ते जमणार नसेल तर तिच्या दारावर रोजचा कार्यक्रम लिहिलेला कागद चिकटवा.

शेवटी आपला चौथा प्रश्न, की धाकटा तीन वर्षांचा होईपर्यंत थांबावे का. फक्त भावाच्या कुटुंबाचा विचार केला तर थांबणे सोयीचे आहे, कारण क्लब, तलाव आणि झोप या तिन्ही अडचणी एका वर्षात बऱ्याच सुटतील. पण वडिलांचे गुडघे त्या वर्षात सुधारणार नाहीत, आणि आपण लिहिले आहे त्याप्रमाणे शस्त्रक्रिया करून घेण्याची त्यांची तयारी नाही. दोन्ही पारड्यांत ठेवून मी यंदाच जाण्याचा सल्ला देईन, मात्र दोन अटींवर. वडिलांच्या डॉक्टरांनी प्रवासाला स्पष्ट संमती द्यावी, आणि पाळणाघर व लहानग्यांसाठी पाण्याची वेगळी जागा असलेले जहाज मिळावे. पंधरा वर्षांचा आपला मुलगाही या हिशेबात धरा. पुढच्या वर्षी परीक्षा आणि मित्र यांतून तो आठवडा काढू शकेलच असे नाही. या आठवड्यात सुलभ केबिन कोणत्या जहाजावर आणि कोणत्या तारखांना शिल्लक आहे एवढेच विचारून ठेवा, आणि ती मिळाली की बाकीच्या चार केबिनचे क्रमांक निवडताना डेकचा नकाशा घेऊन मला पुन्हा विचारा.